भाजलेल्या इनॅमलचं डायल: खरं कसं ओळखायचं, हेअरलाइन (केसासारखा बारीक तडा) कशी शोधायची? (पुणे)

मृगजळ

नमस्कार मंडळी,

हाताने केलेलं, भट्टीत भाजलेलं इनॅमल डायल असलेलं पहिलं मनगटी घड्याळ घ्यायचं आहे. बजेट सगळं धरून २ लाख. समोर दोन पर्याय आहेत.

(अ) सेको प्रेसाज, पांढरं इनॅमल डायल, ६आर१५ मशीन, तीनच्या जागी तारखेची खिडकी. वापरलेलं, डबा आणि कागद आहेत. विक्रेता पुण्यातलाच, कर्वे रोडला भेटून दाखवायला तयार आहे. "डायल एकदम निर्दोष" असं म्हणतो.

(ब) जुनं स्विस, मोठ्या नावाचं, १९५० च्या दशकातलं म्हणून सांगितलेलं. डायलवर मधोमध क्लोआझोने पद्धतीचा (बारीक तारेच्या कप्प्यांत इनॅमल भरून केलेला) नकाशा, केस (बाहेरचं कवच) सोन्याची, कागद नाहीत. विक्रेता बाहेरगावचा, फोटोच पाठवतो. मागतोय १ लाख ८० हजार.

प्रश्न असे:
१. समोर बसून, घड्याळ न उघडता, इनॅमल खरं की लॅकर (चकचकीत रोगण) किंवा रेझिन (प्लास्टिकसारखा थर) हे कसं ओळखायचं?
२. हेअरलाइन नक्की कुठे शोधायची? असली तर दुरुस्त होते का? रविवार पेठेत मीनाकाम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून होईल का?
३. पुण्यात सर्व्हिसिंगला देताना घड्याळजींना काय बजावायचं?
४. हे दोन्ही सोडून बाहेरून मागवलं तर जकात किती बसेल?

---

सूक्ष्मदर्शी

मृगजळ, इनॅमल हा रंग नाही, काच आहे. वाळू, क्षार आणि धातूंची ऑक्साइडं वितळवून झालेली काच दळायची, तिची पूड धातूच्या चकतीवर पसरायची आणि ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायची. एका थराला मिनिट-दीड मिनिट पुरतं. मग चकती निवू द्यायची, घासायची आणि पुढचा थर चढवायचा. पाच-सहा फेऱ्या सहज होतात. फ्रेंचमध्ये याला 'ग्राँ फ' म्हणतात, म्हणजे मोठी आग. 'कोल्ड इनॅमल' म्हणून जे विकतात ते रेझिन असतं, शंभर अंशांच्या आत घट्ट होतं. त्याचा काचेशी काही संबंध नाही. जाहिरातीत 'इनॅमल फिनिश', 'इनॅमलसारखं' असे शब्द आले की ते लॅकर समजा. आपल्याकडे एचएमटीची पांढरी डायलंही काही विक्रेते इनॅमल म्हणून खपवतात. ती पितळेवर रंग देऊन छापलेली डायलं आहेत. चांगली आहेत, पण इनॅमल नव्हेत.

जाताना तीन गोष्टी न्या. एक १० पटीचं भिंग. (घड्याळजी डोळ्याला लावतात ते बरेचदा ३ ते ५ पटीचं असतं, त्यात हेअरलाइन निसटते.) एक छोटी एलईडी टॉर्च. आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च. ३९५ ची स्वस्त टॉर्च घेऊ नका, तिचा जांभळा उजेड पांढऱ्या डायलवर सगळं झाकून टाकतो. भेट दिवसा ठरवा आणि खिडकीजवळची जागा धरा.

पहिल्यांदा कडा बघा. मधल्या भोकाशी, तारखेच्या खिडकीशी आणि डायलच्या बाहेरच्या काठाशी काच वितळताना स्वतःला ओढून घेते, म्हणून तिथे ती किंचित गोलावून खाली उतरते. पाण्याचा थेंब काठाशी गोल होतो तसं. लॅकरच्या डायलवर हीच कड पंच मारल्यासारखी तीक्ष्ण असते. एक खबरदारी: काही ठिकाणी आता भाजून झाल्यावर भोक पाडतात, तेव्हा मधल्या भोकाशी गोलाई दिसली नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका, बाकीच्या खुणा बघा.

मग पृष्ठभाग. वर ट्यूबलाइट असेल तर तिचं सरळ प्रतिबिंब डायलवर पाडा आणि घड्याळ हळूहळू कलंडवा. भाजलेल्या इनॅमलवर ती रेघ अगदी थोडी लहरते, कारण हाताने घासलेली काच कितीही सपाट केली तरी शेवटच्या भाजणीत पुन्हा किंचित वितळते. छापील लॅकरवर रेघ एक तर पट्टीसारखी सरळ राहते, नाहीतर सगळीकडे एकसारखी दाणेदार दिसते. काचेवरचं प्रतिबिंब आणि डायलवरचं प्रतिबिंब यांत गल्लत होते, म्हणून दोन्ही वेगळी ओळखायला पाच मिनिटं द्या.

मग आकडे. भाजलेले आकडे पृष्ठभागापासून थोडे उठलेले असतात आणि त्यांच्या कडा काचेत मिसळलेल्या दिसतात. हाताने रंगवलेलं सूक्ष्मचित्र म्हणून कोणी काही दाखवलं तर २० पटीच्या भिंगाखाली ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते का बघा. जाळी असेल तर ते छापील ट्रान्स्फर आहे. ब्रशचे ठिपके कधीही एका मापाचे नसतात.

एखाद-दुसरा काळा कण किंवा सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तर दचकू नका. भट्टीतली धूळ किंवा अडकलेला बुडबुडा असतो तो. मात्र एका डायलवर पाच-सात कण दिसले तर ते तपासणीत नापास व्हायला हवं होतं.

तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो पाळू नका. रेझिन असेल तर डाग पडेल, आणि खरं इनॅमल असेल तर टवका उडेल.

शेवटी, 'पोर्सिलेन डायल' हा शब्द. जुन्या खिशातल्या घड्याळांचं इनॅमल डायल आपल्याकडे सर्रास 'चिनी मातीचं' म्हणून विकलं जातं. खरं पोर्सिलेन म्हणजे अख्खी चकतीच मातीची, आत धातू नाही, आणि भट्टी १३०० अंशांच्या आसपास. सेकोनेही अरिता पोर्सिलेनची डायलं काढली आहेत. तेव्हा तुमच्या (अ)च्या कागदांवर मॉडेल क्रमांक वाचून नक्की कोणतं डायल आहे ते जुळवा. सेकोच्या पांढऱ्या इनॅमल डायलांमागे मित्सुरू योकोसावा या कारागिराचं नाव आहे. जपानचं पहिलं मनगटी घड्याळ, १९१३ चं सेको लॉरेल, त्याचंही डायल इनॅमलचंच होतं.

डोळा तयार करायचा असेल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात जा आणि बंद पडलेल्या खिशातल्या घड्याळांची डायलं भिंगाखाली बघा. तडे, टवके, बुजवलेले टवके, जोड, सगळं एका फेरीत बघायला मिळतं. दोन लाख मोजण्याआधी तेवढा वेळ द्याच.

---

भट्टी_आठशे

प्रश्न २ माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितो.

तडा का जातो हे आधी. तांबं एका अंशाला दशलक्षात साधारण १७ भाग पसरतं, इनॅमलची काच त्याहून बरीच कमी. भट्टीतून बाहेर आल्यावर तांबं जास्त आकसतं आणि वरची काच दाबाखाली राहते. हे चांगलंच, कारण काच दाब सोसते, ताण सोसत नाही. पण थर एकाच बाजूला असेल तर चकती वाटीसारखी वाकेल, म्हणून मागच्या बाजूलाही इनॅमलचा थर देतात. त्याला काउंटर-इनॅमल म्हणतात. म्हणजे खरं डायल हे काच, धातू, काच असं सँडविच असतं आणि जाडी साधारण एक मिलिमीटरपर्यंत जाते. साधं पितळी डायल याच्या निम्मं किंवा त्याहून पातळ असतं.

आता या सँडविचला थोडं जरी वाकवलं की एका बाजूची काच ताणाखाली येते आणि तडकते. वाकवणारे मोजकेच: घड्याळ खाली पडणं, केसच्या आतल्या रिंगने काठ आवळणं, डायलचे पाय (मागे जोडलेल्या, मशीनमध्ये बसणाऱ्या छोट्या खुंट्या) धरणारे स्क्रू जास्त पिळणं, आणि डायल काढताना एकाच बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं. म्हणून हेअरलाइन शोधायच्या जागाही मोजक्याच आहेत. पायांच्या वर, मधल्या भोकापासून बाहेर, तारखेच्या खिडकीच्या कोपऱ्यांतून, छोट्या सेकंदाच्या उपडायलचा जोड असेल तर त्या जोडावर, आणि बाहेरच्या काठापासून आत.

शोधायची पद्धत: खोलीतला उजेड कमी करा. टॉर्च डायलच्या पातळीला जवळजवळ आडवी, १० ते १५ अंशांत धरा. टॉर्च एका जागी ठेवून घड्याळ फिरवा, एका फेरीत निदान आठ थांबे घ्या. तडा उजेडाला आडवा आला तरच चमकतो, उजेडाच्या दिशेतच असेल तर समोर असूनही दिसत नाही. एका कोनातून बघून 'निर्दोष' म्हणणारे विक्रेते खोटं बोलतात असं नाही, त्यांना खरंच दिसलेलं नसतं.

रेघ दिसली तर ती काचेवरचा ओरखडा आहे की डायलमधली, हे ठरवायला घड्याळ कलंडवा आणि रेघेखालचा एखादा आकडा धरून ठेवा. रेघ आकड्यावरून सरकली तर ती काचेवर आहे. जागची हलली नाही तर डायलमध्ये.

मग यूव्ही. तडा इपॉक्सीने बुजवला असेल तर तेवढीच रेघ किंवा ठिपका निळसर-पांढरा उजळतो. काट्यांवर रेडियम असेल तर तेही उजळेल, त्यात फसू नका.

एक लबाडी माहीत असू द्या. तडा मुळात रंगहीन असतो, त्यात तेल आणि धूळ शिरली की काळा दिसतो. डायल काढून दातांच्या कवळीच्या गोळीत किंवा अमोनियाच्या पाण्यात भिजवलं की मळ निघतो आणि तडा जवळपास दिसेनासा होतो. जुन्या खिशातल्या घड्याळांवर हे राजरोस करतात. तडा मात्र तिथेच असतो, आणि मळ पुन्हा शिरतो. शिवाय कंपनीचं नाव पुष्कळदा भाजल्यानंतर साध्या शाईने छापलेलं असतं, ते या धुण्यात फिकट होतं. पांढरंशुभ्र डायल आणि पुसट नाव अशी जोडी दिसली की डायल धुतलंय असं धरून चाला.

दुरुस्ती: होत नाही. पुन्हा भट्टीत घातलं तर आकडे आणि नाव जळतं किंवा पसरतं, तड्यातला मळ काळी रेघ होऊन कायमचा आत अडकतो, जुन्या काचेत बुडबुडे येतात. टवका उडाला असेल तर रंग मिसळलेल्या रेझिनने भरतात. दोन फुटांवरून ठीक दिसतं, पण आडव्या उजेडात तेवढा भाग मंद दिसतो.

रविवार पेठेतल्या मीना कारागिरांबद्दल. मीनाकाम आणि घड्याळाचं शाँलव्हे इनॅमल ही सख्खी भावंडं आहेत. धातूत खळगे कोरायचे, त्यात पूड भरायची, भाजायचं. जयपूरच्या पद्धतीतही जो रंग सगळ्यात जास्त आच सोसतो तो आधी आणि तांबडा शेवटी. स्विस कार्यशाळेतही रंगांचा क्रम आच बघूनच लावतात. पण दागिना एक-दोन दशांश मिलिमीटर वाकला तर चालतो, डायल नाही. डायलला मागचा थर लागतो, पाय जागेवर लागतात, भोकाचं माप चुकून चालत नाही. आणि आज बाजारातला बराचसा 'मीना' मुळात रेझिनचाच असतो. कारागिराच्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण तुमचं डायल त्यांच्याकडे देऊ नका.

पुण्याच्या पावसाळ्याचं विचाराल म्हणून सांगून ठेवतो: इनॅमलला दमट हवेचं काही वाटत नाही, उन्हाने रंगही उडत नाही, कारण रंग धातूंच्या ऑक्साइडचे असतात. तडा असेल आणि गॅस्केट (ओल आत येऊ न देणारं रबरी कडं) जुनं असेल तर मात्र ओल तड्यातून तांब्यापर्यंत पोचते आणि रेघेच्या कडेने हिरवट डाग धरतो. तेव्हा जूनच्या आधी गॅस्केट बदलून घ्या.

---

जुनी_तबकडी

(ब)बद्दल स्पष्ट बोलतो: घेऊ नका. कारणं देतो, म्हणजे पुढेही उपयोगी पडतील.

१९४० आणि ५० च्या दशकांत जिनिव्हातल्या स्टर्न फ्रेरसारख्या डायल बनवणाऱ्यांनी पाटेक, रोलेक्स, ओमेगा यांच्यासाठी क्लोआझोने डायलं केली. नेली रिशार आणि मार्गरिट कॉख ही त्या काळातल्या इनॅमल कलाकारांची नावं. केसाएवढी सोन्याची चपटी तार वाकवून चित्राची रेघ करायची, प्रत्येक कप्प्यात ओली पूड भरायची, भाजायचं, पुन्हा भरायचं, मग सपाट घासायचं. शेवटच्या भाजणीत तडकलं की सगळं काम वाया. त्यामुळे नगांची संख्या मुळातच थोडी. नोव्हेंबर २०१९ मध्ये हाँगकाँगला क्रिस्टीजच्या लिलावात निळ्या इनॅमलच्या मध्याचं पाटेक २५२३ हे ७ कोटी १ लाख ७५ हजार हाँगकाँग डॉलरना गेलं. ते टोकाचं उदाहरण आहे, पण मोठ्या नावाचं, सोन्याच्या केसमधलं खरं क्लोआझोने १ लाख ८० हजारांत मिळत नाही.

मग विकलं जातं ते काय? केस आणि मशीन बरेचदा खरी, जुनी, त्याच कंपनीची असतात. मूळ साधं डायल काढून आत नवं 'क्लोआझोने' बसवलेलं असतं. ओळखायच्या खुणा अशा:

चित्राच्या रेघा बघा. हाताने वाकवलेल्या तारेला जोड असतो, टोकं एकमेकांना टेकलेली किंवा किंचित सुटलेली दिसतात, वळणं थोडी वेगवेगळी. साच्याने उठवलेल्या पितळी रेघेला जोड नसतो, सगळ्या रेघांची जाडी आणि उंची एकच, आणि कोपरे टोकदार. कोटाला लावायच्या बिल्ल्यावर असतात तशा.

सोन्याचे उठावदार अंक कुठे बसवलेत ते बघा. बसवलेल्या अंकाला डायलमध्ये भोक लागतं आणि इनॅमलमध्ये भोक पाडणं धोक्याचं, म्हणून त्या काळच्या बऱ्याच डायलांत इनॅमल फक्त मध्ये आणि अंक बाहेरच्या धातूच्या कड्यावर असतात. अंक थेट इनॅमलवर चिकटवलेले दिसले तर बहुधा ते गोंदाने लावलेले आहेत.

सगळ्यात महत्त्वाची खूण मागे असते. विक्रेत्याला डायल काढलेला, मागच्या बाजूचा फोटो मागा. मूळ डायलला पाय इनॅमल चढवण्याआधीच धातूला पक्के जोडलेले असतात. नंतर पाय डाखायला गेलं तर आचेने इनॅमल तडकतं, म्हणून नंतर बसवलेल्या डायलचे पाय छाटून ते चिकट ठिपक्यांनी किंवा दुहेरी टेपने मशीनवर चिकटवतात. मागे छाटलेले पाय, गोंद किंवा काठाला कानशीचे ताजे ओरखडे दिसले की प्रश्न मिटला. मागे काउंटर-इनॅमल नसेल तरीही मिटला.

घड्याळ न उघडताही एक अंदाज येतो. इनॅमल डायल जाड असल्यामुळे काटे बसतात तो मधला भाग उंच लागतो. साध्या डायलच्या मशीनवर जाड डायल ठेवलं तर तासकाटा डायलला जवळजवळ टेकतो, आणि मिनिटकाटा वरच्या काचेला. बाजूने बघा, तासकाटा बारा ठिकाणी फिरवून सगळीकडे डायलपासून सारखा दूर राहतो का बघा.

आणि कागद. पाटेक आपल्या जुन्या नोंदींचा उतारा देते, रोलेक्स देत नाही. उताऱ्यात मशीन आणि केसचे क्रमांक जुळले तरी डायल तेच होतं असं आपोआप सिद्ध होत नाही. केसच्या सोन्यासाठी आत हेल्वेशियाच्या स्त्रीमुखाचा शिक्का शोधा, १९९५ पर्यंतच्या १८ कॅरेट स्विस केसवर तो असतो. पण केस खरी म्हणून डायल खरं, ही उडी मारू नका.

हाताने केलेल्या दुर्मिळ इनॅमलचीच ओढ असेल तर आत्ता घाई न करता नावं शिकत राहा. इनॅमल कलाकार अनिता पोर्शे स्वतंत्रपणे काम करतात आणि त्यांच्या डायलांवर आद्याक्षरं सापडतात. त्यांच्या गुरू सुझान रोर, सूक्ष्मचित्रकार. जेजे लकूल्त्र (Jaeger-LeCoultre) या स्विस घड्याळ कंपनीत मिक्लोश मर्चेल यांनी १९९० च्या दशकात इनॅमलची कार्यशाळा उभी केली. स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावातली दोंझे काद्राँ ही कंपनी १९७२ पासून इनॅमल डायलं करते आणि २०११ पासून युलिस नार्दँ या घड्याळ कंपनीकडे आहे. तुमच्या बजेटच्या जवळ राहायचं तर सेको, आणि ग्लासगोची अनॉर्डेन. ते डायलं स्वतःच्या कार्यशाळेत भाजतात, पण रांग लांब असते. रंगीत हवं असेल तर २०१८ चं सेकोचं शिप्पो इनॅमल शोधा. त्याची डायलं नागोयाच्या आंदो क्लोआझोनेने केली होती, निळा पारदर्शक थर आणि खाली लाटांची नक्षी.

---

लोलक

प्रश्न ३. कोणाकडेही द्या, पण देताना 'इनॅमल डायल' हे पावतीवर लिहून घ्या आणि काम सुरू होण्याआधी बोला. एक हात चांगला आहे की नाही हे एका प्रश्नावरून कळतं: "काटे कसे काढता?" दोन लिव्हर थेट डायलवर टेकवून उचलतो असं उत्तर आलं तर घड्याळ परत घ्या. लिव्हरचा सगळा भार मधल्या भोकाच्या काठावर येतो, काच तिथेच सगळ्यात पातळ असते. जाड प्लास्टिकची चिरलेली शीट आणि रुंद प्लास्टिक पायांचा काटे काढायचा चिमटा, एवढं हवंच.

पुढचा क्रम: डायलच्या पायांचे दोन्ही बाजूचे स्क्रू पूर्ण मोकळे करायचे. अर्धवट ढिले करून ओढायचं नाही. मग डायल दोन्ही पायांजवळून एकाच वेळी, थोडं थोडं उचलायचं. निघालं की तोंड वर करून बंद डबीत ठेवायचं, टेबलावर उघडं नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुण्याच्या यंत्रात) डायल कधीही घालायचं नाही. पुसायचंच असेल तर ब्लोअर आणि मऊ ब्रश. नावावर रोडिको (मळ उचलायची चिकट पुट्टी) दाबायचा नाही, ते न भाजलेल्या शाईचं असेल तर उचलून येतं.

बसवताना स्क्रू फक्त टेकेपर्यंत पिळायचे. 'डायल हलतंय' म्हणून आणखी पाव फेरा देतात आणि सहा महिन्यांनी पायावर तडा दिसतो. हलत असेल तर पाय वाकलाय की रिंग सैल आहे ते आधी शोधायला हवं.

६आर१५ साठी पुण्यात मशीनची अडचण यायची नाही. ताशी २१,६०० ठोक्यांचं, पन्नास तास चालणारं नेहमीचं मशीन आहे. मशीनला तेल करायचं तर डायल काढावंच लागतं, तेव्हा विनाकारण दर दोन वर्षांनी 'सर्व्हिसिंग' नको. वेळ बिघडली, चावी साठणं कमी झालं, तरच.

---

जकातनाका

प्रश्न ४, आकडे मांडून. मनगटी घड्याळावर मूळ सीमाशुल्क २०%, त्या शुल्कावर १०% समाजकल्याण अधिभार, आणि एकूण रकमेवर १८% आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). घड्याळ १,५०,००० आणि वाहतूक-विमा ५,००० धरला तर मूल्य १,५५,०००. सीमाशुल्क ३१,०००, अधिभार ३,१००, मग १,८९,१०० वर आयजीएसटी ३४,०३८. एकूण ६८,१३८, म्हणजे मूल्याच्या ४३.९६%. कुरियर कंपनी पार्सल जकातीच्या कोणत्या शीर्षाखाली सोडवणार आणि स्वतःचं शुल्क किती लावणार हे आधी लेखी घ्या.

दोन अडचणी लोक विसरतात. वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्याकडे 'प्रतिबंधित' यादीत आहे, परवाना लागतो. म्हणून जुनं घड्याळ परदेशी विक्रेत्याकडून मागवण्याआधी कस्टम्स एजंटशी बोला. आणि पट्टा मगरीच्या कातड्याचा असेल तर साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदांशिवाय पार्सल अडतं. विक्रेत्याला पट्टा काढून ठेवायला सांगा.

स्वित्झर्लंडसकट एफ्टा या युरोपीय व्यापारगटातल्या देशांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे, पण स्विस मूळ असल्याची घोषणा कागदांवर हवी. २ लाखांच्या वापरलेल्या घड्याळात त्याचा फायदा धरू नका. १० लाखांच्या वरच्या घड्याळावर दुकानदार २२ एप्रिल २०२५ पासून १% टीसीएस (विक्रीच्या वेळीच गिऱ्हाइकाकडून घेतला जाणारा आयकर) घेतो. तुम्हाला आत्ता लागू नाही, पुढे लक्षात ठेवा.

---

मृगजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. (ब)च्या विक्रेत्याकडे डायलच्या मागचा फोटो मागितला. "उघडता येणार नाही" असं उत्तर आलं. तो पर्याय बंद.

(अ) आज खिडकीजवळ बसून पाहिलं. मॉडेल क्रमांक जुळतो. खिडकीची कड गोल आहे, ट्यूबलाइटची रेघ थोडी लहरते. आठ थांब्यांपैकी दोनच ठिकाणी तारखेच्या खिडकीच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यातून काठाकडे जाणारी एक रेघ दिसली, अंदाजे २ मिलिमीटर. कलंडवल्यावर आकड्यावरून सरकत नाही. यूव्हीत उजळत नाही. विक्रेत्यालाही दाखवली, त्याला ठाऊक नव्हती, किंमत कमी करायला तयार आहे. पायाच्या तड्यासारखी ही वाढत जाईल का?

---

भट्टी_आठशे

बुजवलेली नाही आणि विक्रेता लपवत नाही, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. खिडकीचा कोपरा ही ताण साठायची ठरलेली जागा. तडा काठापर्यंत पोचला असेल तर त्याचा ताण बहुतेक मोकळा झालेला असतो आणि नवा धक्का बसला नाही तर तो तसाच राहतो. मध्येच थांबला असेल तर तो पुढे सरकू शकतो. म्हणून १० पटीत त्याचं बाहेरचं टोक नीट शोधा.

दुसरं, ही रेघ पायावर जाते का ते तपासा. ६आर१५ च्या तांत्रिक आराखड्यात डायलच्या पायांच्या जागा दाखवलेल्या असतात. तीनच्या जागेपासून कोन मोजा. पाय त्याच दिशेला असेल तर स्क्रू जास्त पिळलेला असू शकतो, आणि तसं असेल तर लोलक म्हणाले त्या पद्धतीने तो स्क्रू ढिला करून घेणं हे पहिलं काम. पाय दुसरीकडे असेल तर घड्याळ कधीतरी चावीच्या बाजूवर आपटलेलं आहे. मग चावी आणि स्टेम (चावीची दांडी) सरळ फिरतात का तेही बघा.

---

सूक्ष्मदर्शी

किंमत ठरवताना असा विचार करा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल क्रमांक देऊन विचारा: हे डायल बदलून मिळतं का, किती रुपयांना, किती दिवसांत, आणि जुनं डायल परत देतात का. उत्तर ईमेलवर घ्या. मिळत असेल तर तेवढी रक्कम आणि डायल बदलण्याची मजुरी किमतीतून वजा करा. मिळत नसेल तर हे घड्याळ 'तडा असलेलं' म्हणूनच कायम राहणार, पुढे विकतानाही तेच सांगावं लागणार, तेव्हा सवलत त्याहून मोठी मागा. मला विचाराल तर २ मिलिमीटरची, दोनच कोनांत दिसणारी रेघ रोज वापरायच्या घड्याळात मी स्वीकारीन. मधल्या भोकापासून निघालेली असती तर नाही म्हटलं असतं.

पावतीवर तीन ओळी लिहून घ्या: डायल भाजलेल्या इनॅमलचं आणि मूळ आहे, तारखेच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक हेअरलाइन आहे, इतरत्र नाही, सात दिवसांत घड्याळजींनी उघडून दुसरा तडा किंवा दुरुस्ती दाखवली तर पैसे परत.

आणि घेतल्या दिवशीच रेघेचा फोटो काढा. भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला टेकवून, टॉर्च डाव्या बाजूने आडवी, शेजारी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी काचेला टेकवलेली. काच आणि डायल यांत अंतर असल्याने माप थोडं चुकेल, पण दर वेळी तेवढंच चुकेल, म्हणून कॅमेरा प्रत्येक वेळी बरोबर वरून धरा. तीन महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढा आणि बाहेरचं टोक सरकलंय का ते दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा.